कामगार घरकुलात चौदा महिने: हप्ता जमतो, बाकीचा हिशोब आधी मांडा

घर वन बीएचके, कार्पेट साधारण ३०० चौरस फूट, तळमजला अधिक दोन अशा इमारतीत सगळ्यात वरचं. राहणारी माणसं पाच. त्यांत एक विडी वळणारी, एक टॉवेलच्या कारखान्यात. वस्ती सोलापूर शहराबाहेर, कामगारांच्या सहकारी संस्थेनं उभी केलेली. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नावावरून वाद पेटला की पाण्याचा विषय मागे पडतो, आणि खालच्या बहुतेक गोष्टी या पद्धतीच्या कुठल्याही घरकुलाला लागू पडतात.

आधीच सांगतो, घर घ्यावं. पण ‘स्वस्त’ हा शब्द किमतीपुरता आहे, राहण्याच्या खर्चाला तो लावू नका.

सोलापूरला ही वाट नवी नाही. शहराजवळच्या कुंभारीत कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार महिलांची दहा हजार घरं झाली, ताबा २००६ मध्ये. तिथं केंद्राचे २० हजार, राज्याचे २० हजार आणि कामगाराचे २० हजार असा सरळ तिहेरी हिशोब होता. नंतर त्याच कुंभारीत रे नगर: ३० हजार घरांचा प्रकल्प, पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये, पहिल्या १५ हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये. दोन्हींमागे कामगार नेते, माजी आमदार नरसय्या आडम मास्तर आणि त्यांची कामगार संघटना. बिल्डर आधी बांधतो आणि मग गिऱ्हाईक शोधतो. इथं आधी सभासद गोळा होतात, मग जमीन, मग अनुदानाचा पाठपुरावा. जाहिरात, दलाली, न विकलेल्या फ्लॅटवरचं व्याज, काहीच किमतीत चढत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या भागीदारी घटकात, म्हणजे सरकार आणि संस्था मिळून घरं बांधतात त्यात, केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो. जमीन शहराबाहेरची म्हणून स्वस्त. पुढच्या बऱ्याचशा तक्रारीही त्याच जमिनीतून उगवतात.

कागदांचं थोडक्यात. वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत, कुटुंबाच्या नावे देशात कुठंही पक्कं घर नाही याचं शपथपत्र, आणि घर बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे. फाईल अडते ती या अटींवर नाही, नावाच्या स्पेलिंगवर. सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू नावं आधारवर एक, विडी कामगार ओळखपत्रावर दुसरी आणि बँक पासबुकात तिसरी असतात; कुठं माहेरचं आडनाव, कुठं सासरचं. ‘यल्लम्मा’ आणि ‘एल्लम्मा’ या बँकेच्या लेखी दोन बायका आहेत. अर्ज भरायच्या आधी आधार नीट करून घ्या आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा. उलट्या क्रमानं गेलात तर सगळं दोनदा करावं लागतं.

हप्त्याचा अंदाज: दोन लाख कर्ज, १५ वर्षं, ९ टक्के व्याज धरलं तर महिन्याला सुमारे २,०३० रुपये. शहरात दोन खोल्यांच्या भाड्याशी ताडून बघा, जमतं. आता प्रवास मिळवा. शेअर रिक्षाला जाताना २० आणि येताना २० रुपये धरले तर २६ दिवसांचे १,०४० होतात. म्हणजे कामाला शहरात जाणाऱ्या प्रत्येक माणसामागे अर्धा हप्ता रस्त्यावर. रात्रपाळीचा कामगार असेल तर दुचाकीशिवाय पर्याय नाही, कारण रात्री बस नसते आणि रिक्षावाला सीट भरल्याशिवाय हलत नाही.

विडीच्या कामाला हे घर कितपत चालतं, हे नकाशा काढणाऱ्यांनी विचारलेलं दिसत नाही. तेंदूचं पान रात्री भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायचं, सकाळी मापाचा पत्रा ठेवून कात्रीनं कापायचं, मग सूप मांडीवर घेऊन वळायला बसायचं. याला उजेड, वारा आणि एक माणूस पाय पसरून बसेल एवढी जागा लागते. चाळीत हे ओट्यावर व्हायचं. इथं ओटा नाही. हॉलमध्ये बसलं तर तंबाखूची धूळ अंथरुणात जाते आणि लहान मूल खोकत राहतं. ओलं पोतं भिंतीला टेकवलं की तिथं महिनाभरात काळी बुरशी धरते. त्यातल्या त्यात बरी जागा म्हणजे गॅलरी. पण ती पाण्याच्या पिंपांनी अडलेली असते. पोत्याखाली प्लास्टिकचा ट्रे ठेवा आणि भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. आणि विडीची ब्रँच, म्हणजे पान-तंबाखू देऊन वळलेल्या विड्या घेणारं कारखान्याचं केंद्र, वस्तीत आहे का, हे घर घेतानाच विचारा. नापास विड्या समोरासमोर बाजूला काढतात, म्हणून माल दुसऱ्याच्या हाती पाठवणं बायकांना नको असतं. ब्रँच शहरात राहिली तर रोजचा अर्धा दिवस जातो.

पाणी. शहरी पुरवठ्याचं प्रमाण माणशी १३५ लिटर धरतात. पाच माणसांना दिवसाला ६७५. चार दिवसांआड पाणी आलं तर आधीच्या भरणीवर चार दिवस काढायचे, म्हणजे २,७०० लिटर साठा. तीनशे फुटांत एवढं मावत नाही, म्हणून माणसं निम्म्यावर भागवतात आणि २०० लिटरची पिंपं गॅलरीत मांडतात. इथं सांभाळा. गॅलरी साधारण चौरस मीटरला ३०० किलो वजन धरून काढलेली असते. भरलेलं पिंप २०० किलोच्या वर, आणि ते पाव चौरस मीटरवर उभं राहतं. एखादं पिंप आतल्या भिंतीला चिकटून ठेवलं तर चालेल. कठड्यालगत तीन ओळीनं ठेवू नका. गॅलरीच्या वरच्या अंगाला, जिथं ती घराला जुळते तिथं, आडवी चीर दिसली तर पिंपं त्याच दिवशी हलवा.

भिंती शटरिंगमध्ये ओतलेल्या काँक्रीटच्या आहेत. खिळा ठोकायला जाऊ नका, वाकतो; हॅमर ड्रिलला ६ मिमी बिट लावून प्लग बसवा. नवीन पॉइंट हवा असेल तर भिंत फोडायची नाही, वरून पट्टी मारून वायर न्यायची. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर गेला की वरच्या मजल्याचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत आग ओकतो. मार्चमध्ये गच्ची झाडून चुना आणि फेव्हिकॉलचे दोन हात मारले की फरक जाणवतो. अडचण चुन्याची नाही, वर्गणीची आहे: गच्ची सगळ्यांची, फायदा वरच्यांचा, त्यामुळे तळमजला पैसे देत नाही. पावसाळ्यात गच्ची गळून जिन्यातल्या मीटरच्या पेटीत पाणी उतरलं, तेव्हा मात्र सगळे वर आले.

बाथरूमची गळती ही या घरांतली सगळ्यात जास्त भांडणाची गोष्ट. नहाणी ट्रॅपचा, म्हणजे पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याचा, सांधा नीट भरलेला नसतो, किंवा वरच्यानं हौसेनं फरशी बदलताना खालचा कोबा फुटतो. डाग खालच्याच्या छतावर येतो आणि चूक कुणाची हे ठरत नाही. वरच्या बाथरूममध्ये नहाणीचं तोंड बंद करून दोन इंच पाणी २४ तास साठवायचं. डाग वाढला तर गळती फरशीतून, नाही वाढला तर बहुधा निचऱ्याच्या पाइपातून किंवा ट्रॅपच्या सांध्यातून. प्रकल्पाची रेरा (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा) नोंदणी असेल तर ताब्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामातला दोष बिनपैशांत दुरुस्त करून मागता येतो. मागणी लेखी करा आणि पोच घ्या.

आता देखभाल. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामासाठी साठवायचा पैसा, ०.२५ टक्के. फ्लॅटचा बांधकाम खर्च पाच लाख धरला तर दोन्ही मिळून महिन्याला सुमारे ४१७ रुपये. आमच्या इमारतीत सगळ्या खर्चाला मिळून फ्लॅटमागे महिन्याला २०० जमतात. ३६ फ्लॅटचे ७,२०० होतात, आणि ते जिन्याचं लाइट बिल, झाडणारी बाई आणि पंपात संपतात. निधी शून्य. पंप चौदा महिन्यांत दोनदा जळला, दोन्ही वेळा कारण एकच: खालची टाकी रिकामी झाली तरी मोटार चालूच. पाणी संपलं की मोटार बंद करणारा लेव्हल कंट्रोलर बसवला आणि तो त्रास थांबला. जळलेल्या मोटारीच्या रिवाइंडिंगच्या दुसऱ्या बिलापेक्षा तो स्वस्त पडला. मोर्चाला हजार माणसं जमवणारी वस्ती सोसायटीच्या सभेला नऊ माणसांवर येते, हे बघून मौज वाटते आणि रागही येतो.

चावी घ्यायला जाल तेव्हा एक बादली, एक गोटी आणि नऊ वॅटचा बल्ब होल्डरसकट न्या. बाथरूममध्ये गोटी सोडा, ती नहाणीकडे घरंगळली पाहिजे. बादली ओता आणि गॅलरीतलं पाणी उंबऱ्याकडे तर येत नाही ना बघा. प्रत्येक पॉइंटवर बल्ब लावून पाहा. जे चुकलं ते ताबा पावतीवरच लिहा, मग सही करा.