लहान मुलांच्या साइजचं आय-जेल: घ्या, पण आधी मास्क नीट बघा

अँब्युलन्सच्या किटमध्ये पोरांसाठी आय-जेल (श्वास देण्यासाठी घशात बसवायची मऊ नळी) ठेवायचं का, तर ठेवायचंच, फक्त ते आलं म्हणून अँबू बॅग (तोंडा-नाकावर मास्क धरून हाताने दाबायची श्वासाची पिशवी) मागच्या कप्प्यात ढकलू नका. पाचपैकी चार देईन.

चांगलं काय, तर कफ म्हणजे नळीभोवतीचा फुगा फुगवायची भानगड नाही, घशात बघायचा लॅरिंगोस्कोप लागत नाही आणि साइज रंगावरून कळते. गुलाबी १ नंबर २ ते ५ किलोच्या बाळाला, निळा दीड ५ ते १२ ला, करडा २ नंबर १० ते २५ ला, पांढरा अडीच २५ ते ३५ ला. जेली लावायची, टाळूला धरून खाली सरकवायचं, अडलं की थांबायचं. नीट बसलं आणि हवा लीक होत नसेल तर छाती दाबणं न थांबवता दोन-तीन सेकंदांना एक श्वास देता येतो, नुसत्या मास्कवर असताना १५ वेळा छाती दाबली की २ श्वासांसाठी थांबावं लागतं. बॅगिंगने पोट टम्म फुगलेलं असतं तेव्हा बाजूच्या वाटेने रायल्स ट्यूब (पोटातली हवा काढायची नळी) टाकता येते हे फार भारी, पण १ नंबरला ती वाट नाही हे घेतानाच लक्षात ठेवा.

वांधा एकच, छोट्या साइज वर सरकतात. स्ट्रेचर गाडीत चढवताना मान जराशी वळली तरी फुसफुस ऐकू येते, म्हणून एका गालापासून दुसऱ्या गालापर्यंत टेप मारा आणि कॅप्नोच्या (बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राच्या) ग्राफवर नजर ठेवा.

आता मास्क. २००० साली लॉस एंजेलिस भागातल्या पॅरामेडिक्सचा ८३० मुलांवरचा अभ्यास छापून आला, त्यात बॅग-मास्कवरच राहिलं काय नि पुढे श्वासनलिकेत ट्यूब टाकली काय, जगण्यात काही फायदा दिसला नाही. तेव्हा पैसे आधी मास्कवर घाला. नाकाच्या वरच्या हाडापासून हनुवटीच्या खळीपर्यंत बसला पाहिजे, डोळ्यांवर नको. आमच्याकडे एक स्वस्तातला सेट आला होता, कंपनीचं नाव घेत नाही, गाडीत उन्हाने मास्कची कड अशी कडक झाली की सील धरेचना. एकाने दोन्ही हातांनी मास्क धरा, दुसऱ्याने बॅग दाबा, तान्हं असेल तर खांद्याखाली टॉवेलची घडी, आणि छाती उचलली की बॅग दाबणं बंद, मोठ्यांची बॅग असेल तर जास्तच जपून.

ऑर्डर करताना दीड आणि २ नंबर जास्तीचे घ्या, एक्सपायरी बघा. एकदाच वापरायची वस्तू आहे, धुऊन परत पाकिटात घालणारे महाभाग आहेत, तसलं काही करू नका.