नाशिक–मुंबई–नाशिक एका दिवसात: आईची फाईल, माझ्या मीटिंगा आणि काही महिन्यांचा अनुभव

पहाटे निघून मुंबईत काम उरकायचं आणि रात्री घरी जेवायला यायचं, हे अप-डाउनवाल्यांना सवयीचं झालेलं असतं. आमचं तसं नाही. आईच्या हृदयाचा फॉलोअप परळच्या एका रुग्णालयात असतो, माझे क्लायंट बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) आणि फोर्टात. गेल्या पावसाळ्यापासून कधी तिच्यासाठी, कधी माझ्यासाठी मुंबई चालू आहे. ओळखीतले बरेच जण विचारतात म्हणून सविस्तर लिहितेय. गाडीतले तीन-साडेतीन तास दमवत नाहीत. जीव काढतात ते दादरला उतरल्यावरचे चार किलोमीटर आणि संध्याकाळची परतीची धाकधूक.

पंचवटी एक्सप्रेसबद्दल फार लिहीत नाही. 1975 पासूनची गाडी, नाशिककरांना काय सांगायचं! सकाळी सातच्या आसपास नाशिकरोड, दहा-साडेदहापर्यंत दादर. आरक्षण असलं तर आईसोबत निवांत जाता येतं. ज्येष्ठांची तिकिटातली सवलत मार्च 2020 मध्ये गेली ती गेलीच, एवढं मात्र दर वेळी तिकीट काढताना टोचतं. डॉक्टरांची वेळ साडेदहा-अकराची देत असतील तर सरळ नाही म्हणा. कसारा घाटात किंवा कल्याणच्या पुढे गाडी जरा रखडली की त्या वेळेचं काही खरं नाही. मी बाराच्या आधीची घेत नाही.

दादरला आता एक सोय झालीये. डिसेंबर 2023 पासून सेंट्रलचे प्लॅटफॉर्म 8 ते 14 झाले, वेस्टर्नचे 1 ते 7 तसेच राहिले. आधी 'एक नंबरवर ये' म्हटलं की कुठल्या एक नंबरवर, इथून सुरुवात व्हायची. दादर ते परळ धीम्या लोकलने एकच स्टेशन, पण आईला जिने चढवत नाही, म्हणून पूर्वेला उतरून टॅक्सी. बाहेरगावच्या लोकांना हे माहीत नसतं: रिक्षा वांद्रे आणि सायनच्या पुढे येतच नाहीत. टॅक्सीचं किमान भाडं फेब्रुवारी 2025 पासून 31 रुपये आहे, आणि एवढ्या जवळच्या भाड्याला दोन-तीन जण तोंड फिरवतात. फाईल दिसली की एखादा थांबतो. रुग्णालयातून पुढे वेस्टर्नकडे जायचं असेल तर आणखी वेळ धरा. प्रभादेवीचा जुना पूल सप्टेंबर 2025 मध्ये पाडकामासाठी बंद झाला, तेव्हापासून गाड्या टिळक पूल किंवा करी रोडवरून फिरून जातात.

लोकलनेच जाणार असाल तर दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांना आणि गरोदर बायकांनाही चढता येतं. परळला येणाऱ्या कित्येकांना याचा पत्ता नसतो, आणि गर्दीच्या डब्यात फाईल छातीशी धरून उभे असतात.

रुग्णालयात बाराची वेळ म्हणजे नंबर कधी लागेल याची खात्री नाही. तिथे शेजारी बसलेला माणूस आजाराची चौकशी नंतर करतो, आधी 'तुमची गाडी कितीची?' विचारतो. सोलापूरचे लोक सिद्धेश्वरने जाणार, त्यांना रात्रीपर्यंत वेळ. एकदा चार वाजून गेले तरी आमचं नाव येईना. आई दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होती. पुढच्या नंबरच्या कोल्हापूरच्या मावशी म्हणाल्या, "तुमची सव्वासहाची हाय न्हवं? मग व्हा की पुढं. आमची महालक्ष्मी रातच्याला हाय." खिडकीवरची बाई 'असं चालत नाही' म्हणत होती, मावशींनी तिला हातानेच गप्प बसवलं. अशी माणसं भेटतात म्हणूनही हे निभतं. वेळा पाळण्याच्या बाबतीत मात्र त्या रुग्णालयाला मी पाचपैकी दोनच देईन.

माझ्या कामाच्या दिवसांत खरा फरक पाडला तो भुयारी मेट्रोने. ऑक्टोबर 2025 पासून मेट्रो 3 आरेपासून कफ परेडपर्यंत सलग चालते, साडेतेहतीस किलोमीटर, तिकीट 10 ते 70 रुपये. सकाळी बीकेसी आणि दुपारी हुतात्मा चौक असा दिवस पूर्वी मी टाळायचे. वांद्र्याला शेअर रिक्षाच्या रांगेतच घामाने शर्ट चिकटायचा आणि तसंच क्लायंटसमोर बसायचं. आता एसीतून बसून जाते. तिकीट वर असतानाच काढून ठेवा, खाली रेंजचा भरवसा धरू नका. आणि बीकेसीत स्टेशनबाहेर कुठल्या गेटने पडायचं ते ऑफिसवाल्यांनाच विचारा, नाहीतर मेट्रोत वाचलेला वेळ उन्हात चालण्यात जातो.

आईच्या दिवशी मी मीटिंग घेत नाही. 'आलीच आहेस तर भेटून जा' म्हणणारे असतात, त्यांना व्हिडिओ कॉल.

परतीची पंचवटी सीएसएमटीहून सव्वासहाला सुटते. दादरला ती जेमतेम थांबते आणि तिथली संध्याकाळची गर्दी तुम्हाला माहीतच आहे, म्हणून वेळ असला तर उलटं सीएसएमटीला जाऊन आईला आधी जागेवर बसवते. गाडी चुकलीच तर कसारा लोकल पकडायची, तिथून नाशिकला शेअर टॅक्स्या असतात. एकट्याने ठीक आहे. आईला घेऊन हा मार्ग मी धरत नाही, कारण टॅक्सी भरल्याशिवाय हलत नाही आणि उशीर झाला की भरायला माणसंच नसतात. अशा वेळी ठाण्याला मामाकडे मुक्काम, सकाळची गाडी.