काठी की कुत्रा? दिसत नाही, ऐकू येत नाही आणि गाव खेड्यात आहे अशांसाठी

महिन्या-दोन महिन्यांनी कुणाच्या तरी घरून विचारणा येते. पोराचं दिसणं आणि ऐकणं दोन्ही जात चाललंय, काठी शिकवावी की गाइड डॉग, म्हणजे आंधळ्याला सोबत घेऊन चालायला शिकवलेला कुत्रा, बघावा? मलाही दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि मी दोन्ही वापरलंय. काठी नऊ वर्षं, मोती नावाचा कुत्रा सव्वा वर्ष. गाव पांढरकवड्याच्या बाजूला, घरापासून एसटीचा फाटा दीड किलोमीटर. पुढचं सगळं त्याच दीड किलोमीटरवरचं आहे. शहरात राहणाऱ्याचा अनुभव वेगळा असू शकतो.

मोती काही मोठ्या शाळेतला नव्हता, हे आधीच सांगतो. अमेरिकेत 'द सीइंग आय'सारखी शाळा १९२९पासून चालते. तिथं पिल्लू वर्षभराहून जास्त कुणाच्या घरी वाढतं, मग काही महिने शिकतं आणि त्यानंतर माणसाची न् त्याची जोडी जमवतात. आमच्याकडे नागपूरचा एक पोरगा होता, बंगल्यातली कुत्री शिकवणारा. त्यानं वाचून-विचारून मोतीला तयार केलं. म्हणून माझ्या तक्रारीतला थोडा वाटा शिकवणुकीचा धरा.

पोरगा मात्र हुशार. नुसत्या आंधळ्याला शिकवताना मागून बोलता येतं, मला काय बोलणार? त्यानं माझ्या पाठीची पाटी केली. उजव्या खांद्यावर दोन टिचक्या म्हणजे उजवीकडे, पाठभर मोठी फुली म्हणजे आहेस तिथं थांब. मोतीला हुकूम द्यायचा तो हाताच्या खुणेनं. मला माझाच आवाज ऐकू येत नाही, त्यामुळं एक दिवस मी ओरडायचो, दुसऱ्या दिवशी पुटपुटायचो, आणि कुत्रा गोंधळायचा. खूण रोज सारखीच राहते.

चालण्याची मजा मोतीतच. पट्ट्याचं हँडल धरून मी कित्येक वर्षांनी भरभर चाललो. वाटेत सोडलेली बंडी असो की रस्त्यात बसलेली म्हैस, हँडल जरासं कलायचं आणि आम्ही पार.

पण अडचणही तिथंच. हापशीचा ओटा, मोरीचा कठडा, मारुतीचा पार हे माझे मैलाचे दगड. कुत्र्याचं कामच ते चुकवायचं. एकदा पार कधी मागं पडला कळलंच नाही. पऱ्हाटी मांडीला घासायला लागली तेव्हा समजलं की आपण पांदणीत शिरलो. 'बँकेत चल' म्हटलं की कुत्रा नेतो असं लोकांना वाटतं. रस्ता माणसानंच डोक्यात ठेवायचा असतो, कुत्रा फक्त अडथळा सांभाळतो. काठी ओट्याला लागते आणि ती टक कानाऐवजी मनगटाला कळते. सिमेंट, लोखंड, टिनाचं दार, सगळ्यांची टक वेगळी.

काठीचा वैताग आहे तो काळ्या मातीचा. मिरगापासून पोळ्यापर्यंत टोकाला लिंबाएवढा गोळा बसतो आणि काठी मुकी होते. दर वीस पावलांना दगडावर आपटा.

कुत्रा पाळायचा म्हणजे उन्हाळा, गावातली कुत्री, खाणं-औषधं हा त्रास आलाच, ते तुम्हाला ठाऊकच आहे. मे महिन्यात सकाळी नऊनंतर मोती डांबरावर पाय ठेवत नसे, आणि मी ठेवू देतही नसे.

मला ज्यानं ठरवायला लावलं ते वेगळंच. फाट्यावर रस्ता ओलांडायचा असतो. आंधळा माणूस गाड्यांचा आवाज ऐकून ठरवतो की आता निघायचं, आणि मग कुत्र्याला पुढं चल म्हणतो. समोरून गाडी आलीच तर शिकलेला कुत्रा हुकूम मोडून थांबतो, ते खरं. पण निघायचं कधी, ते माणसाचं काम. मला तेच जमत नाही. म्हणून मी गळ्यात पाटी घालून उभा राहतो: 'मला दिसत नाही, ऐकू येत नाही. पलीकडे नेता का? खांद्यावर हात ठेवा.' काठी असली की पाच मिनिटांत कुणाचा तरी हात पडतो. नुसता पडत नाही. कास्तकार माणूस तळहात उघडून त्यावर बोटानं लिहितो, 'भाव पडला'. शिरोरेघ नसते, भ आणि म सारखेच लागतात, तरी कळतं.

मोतीसोबत हात पडायचाच नाही. एका पोळ्याच्या आदल्या दिवशी मी अर्धा-पाऊण तास उभा होतो. मला वाटलं, रस्ता रिकामा आहे. मागून वहिनी आली, तिनं हातावर लिहून सांगितलं की सात-आठ जण पाच हातांवरून ओरडत होते, 'चावते का भाऊ हे?' कोण राम राम घालत होतं, कोण थांबा म्हणत होतं. मोती बिचारा शेपूटही न हलवता बसलेला. चूक त्याची नाही, त्यांचीही नाही. पण माझं सगळं बोलणं स्पर्शातून चालतं, आणि सव्वा वर्षात पारावर माझ्या हातावर लिहिणारे दोन-तीनच उरले होते.

तुमच्या गावात लोक कुत्र्याला घाबरत नसतील, आणि घरातलं कुणी फाट्यापर्यंत रोज सोबत येत असेल, तर कुत्र्याचा विचार जरूर करा. ज्याला थोडंफार ऐकू येतं त्याला तर कदाचित कुत्राच बरा. मी परत काठीवर आलो. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची घेतली, कारण बऱ्याच देशांत तीच दोन्ही नसल्याची खूण आहे. आमच्या फाट्यावर ती कुणाला कळत नाही, म्हणून गळ्यातली पाटी आहेच. मोती आता घरीच असतो, दारात आडवा. घेणार असाल काठी, तर टोकं दोन जास्तीची मागवा. काळी माती पावसाळ्यात एक तरी खातेच.