प्रेम की प्रीती? करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय वाचताना

लग्नात किंवा प्रार्थनासभेत बायबलमधल्या पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा, प्रेमाविषयीचा तेरावा अध्याय मराठीतून वाचायचा असेल, तर मूळ ग्रीक ‘अगापे’ (निःस्वार्थ प्रेम) या शब्दासाठी प्रचलित मराठी बायबलातला, म्हणजे ‘पवित्र शास्त्रा’तला ‘प्रीती’ हा शब्द ठेवावा की आजच्या बोलण्यातला ‘प्रेम’ घ्यावा, हा प्रश्न माझ्यापुढे दोनदा आला, आणि दोन्ही वेळा माझे उत्तर वेगळे होते.

पहिल्यांदा मी ‘प्रेम’ निवडले. फोंड्याच्या आमच्या घरी जमलेल्यांपैकी निम्मे जण घरात कोंकणी बोलणारे होते. कोंकणीत प्रेमाला ‘मोग’ म्हणतात; त्या ‘मोगा’ला ‘प्रेम’ अधिक जवळचे वाटेल, आणि ‘प्रीती’ मात्र जुन्या नाट्यपदातली किंवा एखाद्या मुलीच्या नावातली वाटेल, असा माझा हिशेब होता. तो अगदीच चुकीचा होता असे आजही म्हणवत नाही. पण सातव्या वचनाशी आलो आणि ‘ते सर्व काही सहन करते’ असे वाचले, तेव्हा समोर बसलेल्या मावशीने मान वर केली. वाचन संपल्यावर तिने विचारले, “ते सर्व म्हणजे कोण रे, बाबा?” ‘प्रेम’ नपुंसकलिंगी आहे, ‘ते’च्या पाठोपाठ ‘सर्व’ आले की कानाला माणसांचा घोळका ऐकू येतो, आणि वाक्याच्या शेवटी ‘करते’ येईपर्यंत तो हटत नाही. मला हीच गोष्ट सर्वांत खटकली, कारण अध्यायाचा सगळा भार त्याच वचनावर आहे.

दुसऱ्यांदा मी ‘प्रीती’ घेतली. ‘प्रीती’ म्हटले की ‘ती’ येते. व्याकरणाने ‘ती’ सुद्धा अनेकवचनी असू शकते, हे मान्य आहे. पण हेवा न करणारी, न फुगणारी ‘ती’ ऐकताना डोळ्यांपुढे एकच व्यक्ती उभी राहते. ज्या गोव्यात १६१६ साली राशोलला ख्रिस्तकथा सांगणारे ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत छापले गेले, तिथे शास्त्रवाचन कानाने पारखले जावे, हे मला स्वाभाविक वाटते.

‘दया’ किंवा ‘दानधर्म’ मात्र नकोच. लॅटिन ‘कारितास’वरून १६११च्या इंग्रजी भाषांतरात ‘चॅरिटी’ आली. पण तिसऱ्याच वचनात पौल म्हणतो की सर्वस्व दान केले आणि अगापे नसली तर काहीच लाभ नाही. तिथे ‘दानधर्म’ घातला, तर वाक्य स्वतःलाच खोडून काढते.

आणखी एक सोय आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात येशू आपला शिष्य पेत्र याला, आपल्यावर त्याचा जीव आहे का, हे पहिल्या दोन वेळा ‘अगापे’च्याच ‘अगापाओ’ या क्रियापदाने विचारतो, तिसऱ्यांदा ‘फिलेओ’ या मैत्रीतल्या प्रेमाच्या क्रियापदाने, पेत्राचे उत्तर तिन्ही वेळा ‘फिलेओ’चेच आहे. या फरकाला किती अर्थ द्यावा याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, तरी ‘अगापे’ला ‘प्रीती’ दिली तर ‘प्रेम’ तिथे पेत्राच्या उत्तरासाठी शिल्लक राहते.

लग्नपत्रिकेवर एखादीच ओळ छापायची असेल, तर ‘प्रेम’ चालेल. पूर्ण अध्याय मोठ्याने वाचायचा असेल, तर बहुधा ‘प्रीती’च बरी, फक्त सातव्या वचनात ‘ती’नंतर क्षणभर थांबावे.