मेमरी वाढवायला दिली आणि कार्ड गमावलं

लग्नाचे अल्बम डिझाइन करणं हा माझा घरचा धंदा. त्यासाठीचं कॉम्प्युटरचं मशीन २०१९ मध्ये जुळवून घेतलेलं: आय-५ ९४०० प्रोसेसर, ८ जीबीची एकच मेमरी (रॅम) आणि पोटाला चिमटा काढून घेतलेलं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड. मोठ्या फाइली अडखळायला लागल्या म्हणून आणखी ८ जीबी टाकायचं ठरवलं.

दुकानदाराने माझ्यासमोर झाकण उघडलं. कार्डाची कड मेमरीच्या खालच्या खिट्टीआड येते, ते काढल्याशिवाय मेमरी बसणार नाही, असं त्याने बोट ठेवून दाखवलं. ते खरं होतं, म्हणूनच माझा विश्वास बसला. "ताई, आज गर्दी आहे. ठेवून जा, उद्या संध्याकाळी न्या." मी ठेवून आले. चूक झाली ती इथेच.

दुसऱ्या दिवशी म्हणाला, "कार्ड काढल्यावर कळलं, जळालंय ते. आता मॉनिटर मदरबोर्डावरच्या एचडीएमआयला लावून चालवा." कार्ड कुठाय विचारलं, तर म्हणे भंगारवाला घेऊन गेला. मशीन दुकानात नेलं त्याच्या आदल्या रात्रीच मी त्या कार्डावर अख्खा अल्बम पूर्ण केला होता! पण तिथे मला काही सुचलं नाही. बिल मागितलं तर "१८ टक्के जीएसटी वाढेल" म्हणाला. मी २,९०० रुपये रोख दिले आणि एक चिठ्ठी घेऊन घरी आले.

घरी पाहिलं, तर कॅबिनेटच्या मागे कार्डाच्या जागी दोन उघड्या फटी, पत्र्याची पट्टीही लावलेली नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरी १६ जीबी दिसत होती, पण वेग २१३३. माझी जुनी मेमरी २६६६ ची. दोन मेमऱ्या वेगवेगळ्या असल्या की दोन्ही हळू असलेल्या वेगाने चालतात, म्हणून आधी वाटलं नवीच हळू असेल. झाकण काढून बघितलं, तर दोन्हींतली एकही माझी नव्हती. जुनीचं खोकं कपाटात होतं, त्यावरचा सिरीयल नंबर कुठल्याच मेमरीवर नव्हता. एकीच्या स्टिकरचा कोपरा उचललेला, खाली आधीच्या स्टिकरचा काळा डिंक. दुसरीच्या सोनेरी दातांवर बारीक ओरखडे, म्हणजे तीही कुठल्यातरी मशीनमधून काढलेली.

परत गेले, तर उत्तर मिळालं, "घरी नेल्यावर तुम्ही काय बदललंत, मला काय माहीत?" राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन केला. पहिला प्रश्न बिलाचा. माझ्याकडे बिनसहीची चिठ्ठी.

म्हणून कळकळीने सांगते. मेमरी बसवणं दहा मिनिटांचं काम आहे. मशीन ठेवून येऊ नका, समोर उभं राहून करून घ्या. घरातून निघण्यापूर्वी झाकण काढून कार्ड आणि मेमरीवरच्या नंबरांचे फोटो काढा. काही खराब निघालं असं सांगितलं, तर ती वस्तू हातात मागा. जळकी असली तरी ती तुमचीच आहे. आणि पक्कं बिल घ्याच. ते १८ टक्के वाचवायला गेले नि हातात पुरावाच उरला नाही.

स्वतः केलं तर आणखी चांगलं. प्लग काढा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच आतल्या भागांना हात लावा. कार्डाला वायर असेल तर काढा, मागचा स्क्रू सोडवा, स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबा आणि कार्ड सरळ वर उचला. इथे घाई नको, वाकडं ओढलं तर स्लॉट फुटतो. मेमरीची खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवा. डीडीआर४ प्रकारच्या मेमरीच्या स्लॉटमध्ये आधीच्या प्रकारची डीडीआर३ बसतच नाही, तेव्हा अडलं तर जोर लावू नका. जुळली की दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबा.

मागच्या महिन्यात मी खरी २६६६ ची जोडी आणून स्वतः बसवली. दोन्ही खिट्ट्या टक् करून लागल्या. कार्डाचा स्लॉट मात्र अजून रिकामाच आहे.