अ‍ॅबा ऐकायला सुरुवात कुठून? ‘गोल्ड’ की ‘द व्हिजिटर्स’

जालना–संभाजीनगर एसटीत स्वीडिश पॉप गट अ‍ॅबा पहिल्यांदाच ऐकणार असाल तर १९९२चा ‘गोल्ड’ हा गाजलेल्या गाण्यांचा संग्रह लावा. १९ गाणी, सव्वा तासाच्या थोडं वर. बहुतेक वाट सरते. गाडीच्या घरघरीतही तो टिकतो. ध्वनिमुद्रक मायकल ट्रेटो तोच भाग पहिल्यावर पुन्हा मुद्रित करताना टेपचा वेग किंचित बदलायचे, त्यामुळे आवाज भरदार होतो. पण गाणी वर्षांच्या क्रमाने नाहीत, म्हणून या स्वीडिश चौकडीतली दोन्ही लग्नं कशी मोडली ते उमगत नाही.

ते १९८१च्या ‘द व्हिजिटर्स’ या अल्बममध्ये कळतं, आणि आमच्या मते तोच थोर. अग्नेथा-ब्यॉर्न यांचा घटस्फोट आधीच झालेला, फ्रिडा-बेनी यांचा त्याच वर्षी. तरी ब्यॉर्न-बेनींनी रचलेली ताटातुटीची गाणी गायला अग्नेथा-फ्रिडा याच दोघी. काय काळीज लागलं असेल! मूळ गाणी ९. अ‍ॅपवर पुढे जादा गाणी जोडलेली असतात. शफल बंद ठेवा, नवव्यावर थांबा. तिथे फ्रिडा एकटीच गाते, मागे घड्याळाची टिकटिक. एसटीत ती ऐकूच येणार नाही. रात्री गच्चीवर, दोन्ही कानांत इअरफोन घालून ऐका.

‘वन ऑफ अस’ दोन्हींत आहे. ‘गोल्ड’मध्ये ते मनाला लागलं, तर ‘द व्हिजिटर्स’ त्याच रात्री लावा.