ग्रंथ की शिलालेख: प्राचीन वर्ण-जाती अभ्यासायच्या दोन वाटा

एम.ए.ला असलेली माझी भाची परवा पैठणहून आली. “मामा, लघुप्रबंध धर्मग्रंथांवर करू की लेण्यांतल्या लेखांवर?”

मेहनत बघितली तर ग्रंथ सोपे. मराठी भाषांतरं वाचनालयात मिळतात. लेखांसाठी ब्राह्मी लिपी आणि प्राकृत भाषेशी झटावं लागतं, शिवाय पितळखोऱ्याच्या लेण्यांच्या पायऱ्या उतराव्या लागतात.

पण माणसं कुठे भेटतात? ऋग्वेदाच्या पुरुषसूक्तात चार वर्ण एका देहाचे अवयव होतात. मनुस्मृतीचा दहावा अध्याय अनेक जाती वर्णसंकरातून, म्हणजे वर्णांच्या मिसळीतून, निपजल्याचं सांगतो. समाज कसा असावा हे लिहिणाऱ्यांना काय वाटत होतं, ते त्यातून कळतं. पितळखोऱ्यात मात्र पैठणच्या गंधिक (सुगंधी वस्तू विकणाऱ्या) कुळातला मितदेव दान नोंदवतो, आणि तिथल्या यक्षमूर्तीच्या हातावर ती घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचं नाव आहे. माणसाची ओळख इथे धंद्याने आणि गावाने सांगितली आहे, वर्णाचा उल्लेख नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

लेखही भाबडेपणाने वाचू नयेत. नाशिकचा लेख सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला म्हणतो. पण कान्हेरीच्या लेखात त्याच घराण्यातली राणी शकांच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या लोकांच्या, कार्दमक कुळातली आहे! आणि दान द्यायची ऐपत नसलेला माणूस दगडावर येतच नाही.

विषमतेला आधार देणारा विचार तपासायचा असेल, त्याने ग्रंथ घ्यावेत. रोजचा व्यवहार शोधणाऱ्याने लेख. भाचीला मी लेखच घ्यायला सांगितलं. पैठण तिच्या दारातच आहे.